दर लावले, निकाल दडवले

सरकारी विम्याच्या पैशाने बायपास करून घेणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात एक साधी गोष्ट सांगितली जात नाही: त्या रुग्णालयात आधी बायपास झालेल्यांपैकी किती जण बरे होऊन घरी गेले आणि किती दगावले. ही माहिती सरकारदरबारी जमा आहे. ती रुग्णापासून दूर ठेवणे हा त्याचा विश्वासघात आहे, आणि तो कायद्यानेच थांबवावा लागेल.

मी ठाण्यातल्या कोलशेतला राहतो. इथे रसायन कारखान्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या शेजारी जुना आगरी-कोळी गाव आहे. छातीत कळ आली की मनोऱ्यातला माणूस ओळखीच्या डॉक्टरला फोन करतो. गावातल्याला एवढेच विचारता येते, ‘सरकारी योजनेत बसतं का?’ योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, कागद तपासतो, मंजुरी येते, पेशंट आत जातो. ज्या टेबलावर आपला माणूस झोपणार तिथले निकाल कसे आहेत, हे त्या घराला कोणीच सांगत नाही.

शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कुटुंबामागचे कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर नेले आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट काढली. निर्णय चांगलाच आहे. पण पैसा वाढला, जाब विचारण्याची सोय वाढली नाही. जाहिरातीत लाभार्थी मोजले जातात, खर्च झालेले कोटी मोजले जातात. जंतुसंसर्ग किती जणांना झाला, किती जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, यावर जाहीर चकार शब्द नाही.

माहिती बंद कपाटात राहिली की ती कुजते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेवरच्या २०२३ च्या अहवालात ‘कॅग’ने दाखवून दिले की ७,४९,८२० लाभार्थ्यांची नोंद ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर होती. आधी मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार दाखवले गेले आणि त्यांचे पैसेही चुकते झाले. असल्या नोंदी लोकांसमोर असत्या, तर वर्षानुवर्षे खपल्या नसत्या.

राज्याने शुश्रूषागृहांचे नियम २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, असे सांगितले. म्हणजे शस्त्रक्रियेची किंमत रुग्णाला कळली पाहिजे हे मान्य, पण ती करणाऱ्यांचे यश-अपयश कळले पाहिजे हे अमान्य. पालिका आणि सरकारी रुग्णालयांनाही निकाल जाहीर करण्यातून सूट नको. ऑगस्ट २०२३ मध्ये खाडीपलीकडे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. मग समिती नेमली गेली. मृत्यूंचे आकडे दर तिमाहीला जाहीर करणे बंधनकारक असेल, तर बिघाड दिसायला अशी काळरात्र यावी लागणार नाही.

न्यूयॉर्क राज्याने १९९० मध्येच बायपासचे रुग्णालयनिहाय मृत्युदर जाहीर केले. पुढे एका वृत्तपत्राने कोर्टात जाऊन शल्यविशारदांचेही आकडे मिळवले. तिथेही डॉक्टरांनी हरकत घेतली की अशाने गंभीर रुग्णांना कोणी हात लावणार नाही. ही भीती खोटी नाही. म्हणूनच तिथे वय, आधीचे आजार आणि प्रकृतीची गंभीरता हिशेबात धरून आकडे काढले जातात. आपल्याकडे तेच करा. कठीण केस घेणाऱ्या डॉक्टरचे त्यातून संरक्षणच होईल. हरकतीची ढाल करून सगळेच झाकणे मात्र मला मान्य नाही.

शासन निर्णय एका सहीने बदलतो, म्हणून विधिमंडळाने कायदाच करावा. योजनेचा एक रुपयाही घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने मृत्यू, संसर्ग, पुनर्शस्त्रक्रिया आणि रुग्णाकडून वर उकळलेल्या पैशांच्या तक्रारी दर तिमाहीला मराठीत, दारावर आणि संकेतस्थळावर जाहीर कराव्यात. आकडे स्वतंत्र यंत्रणेने तपासावेत. खोटे आकडे देणाऱ्याचे नाव योजनेतून कापावे आणि दिलेले पैसे वसूल करावेत. हा पैसा आमच्या करांचा आहे आणि टेबलावरचा जीव आमच्या माणसाचा आहे. हिशेब आम्हाला मिळालाच पाहिजे.