वृत्तपत्रविद्येची पदवी आणि आपलीं मुलें

बारावीचा निकाल लागला म्हणजे खेड्यापाड्यांतून एकच चर्चा सुरू होते : पोराला आतां कोठें घालावें? कोणी इंजिनिअरिंगचें नांव घेतो, कोणी नर्सिंगचें, कोणी पोलीसभरतीची तयारी करावयास सांगतो. अलीकडे यांत आणखी एक नांव ऐकूं येऊं लागलें आहे. पोरगा किंवा पोरगी म्हणते, मला पत्रकार व्हावयाचें आहे. शहरांतल्या कॉलेजांत त्याची पदवी मिळते, मला तेथें घाला. बाप हातांतला रंधा खालीं ठेवतो आणि शाळामास्तराकडे येतो. मास्तर, बातमी लिहावयाला पदवी कशाला लागते? आणि लागत असेल तर म्हैस विकून ती घ्यावी काय? हा प्रश्न आमच्याकडे एकाच घरांतून आलेला नाहीं, म्हणून त्याचें उत्तर चारचौघांत दिलेलें बरें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सरळ आहे. कायद्यानें पदवी लागत नाहीं. औषधोपचार करावयाचा तर वैद्यकीय परिषदेंत नांव नोंदवावें लागतें, कोर्टांत उभें राहावयाचें तर वकिलीची सनद लागते; बातमी लिहावयास तसला कोणताही परवाना आपल्या देशांत नाहीं. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें बोलण्या-लिहिण्याचें जें स्वातंत्र्य दिलें आहे, तें संपादकास आहे तेंच कुंभारासही आहे. २०१३ सालीं प्रेस कौन्सिलचे तेव्हांचे अध्यक्ष न्यायमूर्ति मार्कंडेय काटजू यांनीं पत्रकारास कांहीं किमान शैक्षणिक पात्रता असावी अशी सूचना पुढें आणली व त्याकरितां समितिही नेमली. ती सूचना कायद्यांत उतरली नाहीं, आणि उतरली नाहीं हें आम्हांस बरें वाटतें. १८७७ सालीं असा नियम असता तर कृष्णराव भालेकरांना पुण्यांत 'दीनबंधु' काढतां आला नसता. १८८० पासून तो मुंबईस चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्याही हातीं कोणी लेखणी दिली नसती. मुकुंदराव पाटलांनीं १९१० सालीं सुरू केलेला 'दीनमित्र' तर पुढें वर्षानुवर्षें नेवासे तालुक्यांतल्या तरवडी या खेड्यांतून निघत राहिला. तेव्हां अशी पदवी हिंदुस्थानांत कोठेंच नव्हती, आणि तरीही हीं पत्रें निघालीं व शेतकऱ्याच्या ओसरीवर मोठ्यानें वाचलीं गेलीं.

मग विद्यापीठांनीं या धंद्यांत हात कां घातला? याची हकीकत मुळापासून सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेंत मिसूरी नांवाचें राज्य आहे, शेतीवाडीचा मुलूख. तेथल्या विद्यापीठानें १९०८ सालीं पत्रकारितेची स्वतंत्र शाळा काढली. जगांतली पहिली म्हणून ती ओळखली जाते, आणि ती पहिल्यापासून पदवी देणारी. गंमत अशी कीं, तिचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स यांनीं स्वतः कॉलेजाचें तोंड पाहिलें नव्हतें. पोरवयांत ते छापखान्यांत हरकाम्या पोऱ्या म्हणून लागले, तेथून संपादक झाले, आणि शेवटीं १९३१ सालीं त्याच विद्यापीठाच्या अध्यक्षपदावर जाऊन बसले. धंदा हाताखालीं शिकलेल्या माणसानें शाळा कशी काढावी? त्यांनीं ती आपल्या सुताराच्या मेटासारखी काढली. १४ सप्टेंबर १९०८ रोजीं वर्ग भरले आणि त्याच दिवशीं विद्यार्थ्यांच्या हातचें 'युनिव्हर्सिटी मिसूरियन' हें पत्र बाहेर पडलें. वर्गाच्या भिंतीवर चिकटवावयाचें हस्तलिखित तें नव्हतें. गांवानें वाचावें, दुकानदारानें जाहिरात द्यावी, नांव चुकलें तर ज्याचें चुकलें त्यानें येऊन जाब विचारावा, असें तें खरेंखुरें पत्र होतें. मास्तर संपादक आणि पोरें बातमीदार. लोहार आपल्या पोराला फळ्यावर भात्याचें चित्र काढून दाखवीत नाहीं. भाता ओढावयास बसवितो. मिसूरीच्या या रीतीचें आजही नांव घेतलें जातें तें याच कारणानें.

दुसरी हकीकत न्यूयॉर्कची. जोसेफ पुलित्झर हा हंगेरीहून गरिबींत अमेरिकेस गेलेला माणूस वृत्तपत्रांच्या धंद्यांत अफाट श्रीमंत झाला. पत्रकार हा जन्मावा लागतो, तो शिकवून होत नाहीं, असें म्हणणारांना १९०४ सालीं त्यानें लांबलचक लेख लिहून उत्तर दिलें. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, आंकडेशास्त्र यांवांचून बातमीदार आंधळा, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या देणगींतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१२ सालीं पत्रकारितेची शाळा उघडली; तें पाहावयास तो उरला नव्हता, आदल्याच वर्षीं तो वारला. या शाळेंत पहिल्यानें पदवीपूर्वीचे विद्यार्थी घेत. परंतु १९३५ सालीं तिनें तो वर्ग बंद केला आणि आधीं कोणत्यातरी विषयाची पदवी घेऊन आलेल्यांनाच दार उघडें ठेवलें. म्हणजे मिसूरी म्हणते, बारावीच्या पोराला घेऊन सरळ कामाला लावा. कोलंबिया म्हणते, आधीं एक विद्या पक्की करा, मग हा धंदा शिका. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं आणि आपल्या घरांतही तो येणारच आहे.

येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत याच कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. पत्रकारितेची ती नवी शाळा त्याच विद्यापीठांत भरत होती; बाबासाहेबांचा विषय मात्र अर्थशास्त्र. परत आल्यावर १९२० सालीं त्यांनीं 'मूकनायक' काढला व १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत'. त्या पत्रांची धार त्यांतल्या अर्थशास्त्रानें, इतिहासानें व कायद्यानें आलेली आहे, हें तीं वाचणारास कोणी सांगावयास नको.

मिसूरीची आम्हीं स्तुति केली, पण तिचें दुसरें तोंडही दाखविलें पाहिजे. लुसिल ब्लुफर्ड नांवाची एक निग्रो मुलगी (त्या काळीं काळ्या लोकांस हाच शब्द लावीत) कन्सास विद्यापीठांतून १९३२ सालीं पत्रकारितेची पदवी घेऊन 'कन्सास सिटी कॉल' या पत्रांत काम करीत होती. १९३९ सालीं तिनें मिसूरीच्या पदवीनंतरच्या वर्गासाठीं अर्ज केला. कागदावरचे गुण पाहून तिला प्रवेश मिळाला. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हां कातडीचा रंग पाहून तो नाकारला. ती कोर्टांत गेली. १९४१ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं, काळ्यांच्या विद्यापीठांत हा अभ्यासक्रम नसेल तर तिला घ्यावें लागेल. यावर मिसूरीनें काय केलें असेल? १९४२ सालीं तो वरचा वर्गच बंद करून टाकला. लढाईमुळें विद्यार्थी व शिक्षक कमी झाले, हें सांगावयाचें कारण. विहिरीवर दुसऱ्यानें पोहरा टाकूं नये म्हणून विहीरच बुजविणारे लोक आपल्याकडेच आहेत असें कोणी समजूं नये. ब्लुफर्डबाई पुढें 'कॉल'च्या संपादक झाल्या आणि १९८९ सालीं त्याच विद्यापीठानें त्यांना बोलावून सन्मानाची डॉक्टरेट दिली. मधलीं पन्नास वर्षें त्यांनीं त्या पदवीवांचूनच पत्र चालविलें होतें.

आपल्या देशांत १९४१ सालीं लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत हा विषय सुरू झाला, १९५२ सालीं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत, १९६४ सालीं पुणें विद्यापीठांत. आधीं दुसरी पदवी आणि मग वर्ष-दोन वर्षांचा हा अभ्यास, अशीच बहुधा आपली रीत होती. बारावीनंतर थेट घेणारी पदवी मुंबई विद्यापीठानें या शतकाच्या आरंभास आणली, ती बी.एम.एम. २०१९ पासून तिचें नांव बदलून मल्टिमीडिया व मास कम्युनिकेशन यांतली कलापदवी असें लांबलचक झालें. पाहा, त्यांत वृत्तपत्र हा शब्दच नाहीं. या पदवीची बांधणी अशी चालत आलेली कीं, पहिलीं दोन वर्षें सर्वांना सारखे विषय आणि तिसऱ्या वर्षीं दोन वाटा, एक पत्रकारितेची व दुसरी जाहिरातीची. जाहिरात हा कांहीं चोरीचा धंदा नव्हे. पण ज्या बापानें पोर पत्रकार होणार म्हणून म्हैस विकली, त्याला निदान हें ठाऊक असावें कीं त्या कॉलेजांतले किती विद्यार्थी कोणत्या वाटेनें जातात. आतां नव्या शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांची साधी व चार वर्षांची ऑनर्स अशा दोन पदव्या आल्या आहेत, म्हणजे खोलीभाडें व खानावळ यांचें एक वर्ष वाढण्याचाही संभव आहे. शिवाय हे वर्ग बहुतेक विनाअनुदानित, त्यामुळें साध्या बी.ए.पेक्षां फी कितीतरी जड.

आमचें मत मागाल तर घरच्या हातचें सोडून एवढी फी भरावयाची ती एकाच गोष्टीसाठीं : तेथें मुलाच्या हातून खरें पत्र निघत असेल तर. प्रवेशाच्या दिवशीं माहितीपुस्तकांतले फोटो बाजूला ठेवून सरळ विचारावें कीं, तुमच्या विद्यार्थ्यांनीं गेल्या वर्षीं काढलेले अंक दाखवा. अंकांत पाहुण्यांचे सत्कार व सहलींचीं वर्णनेंच असतील तर समजून जावें. पोरें कोर्टांत, जिल्हा परिषदेच्या सभेंत, बाजार समितींत बसून लिहून आणतात काय? शिकविणारांपैकीं कोणी वृत्तपत्राच्या कचेरींत कधीं रात्रपाळी केली आहे काय? उत्तरपत्रिका मराठींत लिहितां येते काय? कायदा शिकवितात काय? बदनामीचें कलम पूर्वीं भारतीय दंड विधानांत होतें, १ जुलै २०२४ पासून तें भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत आलें आहे. हें ज्याला ठाऊक नाहीं असा बातमीदार एक तर भिऊन गप्प बसेल किंवा भलत्याच लफड्यांत सांपडेल. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा घ्या. दहा रुपयांच्या फीवर अर्ज करून तीस दिवसांत कागद मागतां येतो. तीन वर्षांत ज्या विद्यार्थ्यानें एकही असा अर्ज केला नाहीं, त्याला काय शिकविलें?

आतां आपल्या मुलांजवळ जें आहे त्याविषयीं. लासलगांवला कांद्याचा लिलाव झाला कीं तीन भाव निघतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. दुसऱ्या दिवशीं मथळा येतो तो पुष्कळदां जास्तीत जास्तचा. शहरांतला गिऱ्हाईक तो वाचून म्हणतो, शेतकरी गबर झाला. ज्याच्या बापाचा ट्रॅक्टर त्या रांगेंत उभा होता तें पोर मात्र विचारील, त्या भावानें किती क्विंटल गेला? दोन ट्रॉल्या कीं दोनशें? हा प्रश्न ज्याला सुचतो तो निम्मा बातमीदार झालेलाच आहे. सातबारा वाचणें, पीकविम्याच्या यादींत कोणाचें नांव कां गळलें हें ओळखणें, ग्रामपंचायतीच्या जमाखर्चांतलें खडीकरण प्रत्यक्ष रस्त्यावर आहे कीं नाहीं हें पाहणें, हें सारें त्याला घरबसल्या येतें. कॉलेजांत जाऊन तें याची लाज बाळगूं लागलें आणि शहरी नटनट्यांच्या बातम्यांकडे वळलें, तर पदवी मिळूनही घर तोट्यांतच गेलें.

नोकरीबद्दल खोटी आशा कोणी धरूं नये. तालुक्याच्या वार्ताहराला पुष्कळ ठिकाणीं पगार नांवापुरता असतो आणि बातमीपेक्षां जाहिराती गोळा करण्याचा तगादा मोठा असतो. ज्याचें पोट जाहिरातदारावर, त्याची लेखणी साखर कारखान्याच्या चेअरमनपुढें कशी चालेल? म्हणून ज्या घराला पोराची कमाई लगेच हवी आहे त्या घरानें कोलंबियाची वाट धरावी, असें आम्हांस वाटतें. जवळच्या अनुदानित कॉलेजांत अर्थशास्त्र, शेतकी किंवा इतिहास, जें झेपेल तें पक्कें करावें. हात रिकामा राहणार नाहीं. मग हौस टिकली तर वर्षभराचा पत्रकारितेचा अभ्यास. पी. साईनाथ यांनीं दुष्काळी जिल्ह्यांतून फिरून शेतकऱ्यांवर जें लिहिलें तें जगभर वाचलें गेलें. त्यांचा कॉलेजचा विषय इतिहास होता.

मुलगी हट्ट धरील तर 'रात्रीबेरात्रीचें काम, मुलीच्या जातीला नको' असें म्हणून दार लावूं नये. मिसूरीच्या त्या शाळेंतून मेरी पॅक्स्टन ही मुलगी १९१० सालींच पदवी घेऊन बाहेर पडली होती. पंचायतीच्या पाण्याच्या टाकीची बातमी डोक्यावर हंडा घेतलेल्या पोरीइतकी कोण लिहील?

फीबद्दल एवढेंच. ८ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं केला आहे, आणि मागासवर्गीय मुलांसाठीं महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचे अर्ज होतात. परंतु हा माध्यमाचा अभ्यासक्रम यांपैकीं कोणत्या सवलतींत बसतो हें कारकुनाच्या तोंडी शब्दावर घेऊं नये. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधींच काढून ठेवावा, कॉलेजाकडून तें लेखी मागावें, आणि तें मिळेपर्यंत म्हशीचा सौदा करूं नये.