जाहिरात फक्त रुग्णालाच दिसते तेव्हा

मूर्तिजापूर तालुक्यातला साठीचा एक शेतकरी अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात येतो. उपाशीपोटी रक्तातली साखर ३४०. मधुमेह आठ वर्षांपासून आणि गोळ्यांनी बऱ्यापैकी ताब्यात असलेला. मग अचानक असे काय झाले? थैलीतून प्लास्टिकचा डबा निघतो. आत तपकिरी भुकटी, वर ‘साखर मुळापासून बरी’ अशी छापील हमी. तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद आणि भुकटी चालू. निवासी डॉक्टर विचारतो, “काका, हे कोणी सांगितलं तुम्हाला?” काका म्हणतात, “कोनी नाही जी. म्या काही शोधलं बी नाही. थे आपोआपच येते मोबाइलवर.”

काकांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. महिनाभरापूर्वी नातवाने त्यांच्याच फोनवर मधुमेहाच्या पथ्यपाण्याचे दोन-तीन व्हिडिओ लावून दिले होते. तेवढे पुरेसे झाले. त्यानंतर ती जाहिरात रोज रात्री जेवणानंतर हजर होऊ लागली, मराठीत, घरपोच मिळेल आणि पैसे हातात आल्यावर द्या अशा सोयीसह. काकांना भुकटी सापडली नाही, भुकटीला काका सापडले.

हे घडवून आणणारे शास्त्र विपणन आणि संगणकशास्त्र यांच्या बांधावर उभे आहे. कोणाला काय हवे, ते कोणत्या शब्दांत सांगितले तर तो घेईल, हा विपणनाचा जुना प्रश्न. लाखो माणसांच्या बोटांच्या हालचालींवरून त्याचे उत्तर क्षणात काढणे हे संगणकाचे काम. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत या दोन्ही विषयांना जोडून पीएच.डी. करणारे विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कंपन्या पदवी हातात पडण्याआधीच उचलतात. वऱ्हाडात मात्र या विषयाचे फक्त गिऱ्हाईक आहे, अभ्यासक जवळपास दिसत नाही. वैद्यकाच्या नजरेने ही उणीव साधी नाही.

डॉक्टर मंडळींना हा विषय परका वाटतो, पण त्याचा एक धागा वैद्यकातूनच निघालेला आहे. १९३३ मध्ये येल विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागातील विल्यम थॉम्पसन यांनी एक प्रश्न मांडला. दोन उपचार आहेत, कोणता चांगला हे अजून नक्की नाही. मग पुढच्या रुग्णाला कोणता द्यावा, म्हणजे शिकणेही होईल आणि कमी रुग्णांना निकृष्ट उपचार मिळेल? त्यांनी सुचवलेली रीत बरीच वर्षे धूळ खात पडली. २०१० च्या सुमारास याहूसारख्या कंपन्यांनी ती उचलली, कारण ‘पुढच्या रुग्णाला कोणता उपचार’ आणि ‘पुढच्या वाचकाला कोणती जाहिरात’ हे गणिताच्या दृष्टीने एकच कोडे आहे. आज काकांच्या फोनवर कोणते चित्र झळकावे हे ठरवणाऱ्या यंत्रणांमागे याच घराण्यातली गणिते असतात. रुग्णाचे नुकसान कमी व्हावे म्हणून निघालेली कल्पना रुग्णाला भुकटी विकायला वापरली जावी, याला काय म्हणावे?

ती कल्पना परत दवाखान्याकडे आणता येते, आणि महाराष्ट्रातच ती आणून दाखवली गेली आहे. मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ‘अरमान’ ही संस्था गरोदर आणि नवप्रसूत बायकांना ‘एमित्रा’ या उपक्रमातून फोनवर ध्वनिसंदेश पाठवते: लोहाच्या गोळ्या, लस, बाळाचे वजन, धोक्याची लक्षणे. संदेश चांगले, पण बऱ्याच जणी काही आठवड्यांनी ऐकणे सोडून देतात. संस्थेची माणसे स्वतः फोन करून त्यांना पुन्हा जोडून घेऊ शकतात, मात्र माणसे मोजकी आणि आया हजारोंनी. मग फोन कोणाला करायचा?

मोबाइल कंपनीला हाच प्रश्न रोज पडतो. कोणते गिऱ्हाईक सोडून जाणार आणि कोणाला थोडे गोंजारले तर ते थांबेल? हार्वर्डचे प्राध्यापक मिलिंद तांबे, त्यांचे विद्यार्थी आणि गुगलचे भारतातील संशोधक यांनी या प्रश्नाचे गणित ‘एमित्रा’साठी मांडले. बाईचे वय, शिक्षण, उत्पन्न, फोन स्वतःचा की नवऱ्याचा, आधीचे संदेश किती ऐकले, अशी माहिती त्यात होती. जात आणि धर्म नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सुमारे २३ हजार बायकांचे तीन गट होते. एका गटाला नेहमीप्रमाणे ठेवले, दुसऱ्या गटात पाळीपाळीने फोन केले, तिसऱ्या गटात गणित सांगेल त्यांनाच. सात आठवड्यांनी तिसऱ्या गटातली गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरली. खरी डोळे उघडणारी गोष्ट दुसऱ्या गटाची आहे. तेवढेच फोन, तेवढीच मेहनत, पण पाळीपाळीने फोन करण्याचा आणि काहीच न करण्याचा फरक लक्षात येण्याइतकाही नव्हता.

सरकारी आरोग्यसेवेत काम करणाऱ्या कोणालाही हे वाक्य टोचेल. आशाताईंची यादी, घरभेटी, जनजागृती सप्ताह, फलक, रॅली हे सारे पाळीपाळीनेच चालते. शंभर घरे झाली की अहवालात शंभर लिहायचे. त्यातल्या कोणत्या दहा घरी दोनदा जायला हवे होते, हे विचारायची पद्धत नाही. केंद्र सरकारच्या ‘किलकारी’ सेवेचे ७२ ध्वनिसंदेश २०२४ पासून मराठीतही मिळू लागले. दर्यापूरच्या किंवा बाळापूरच्या किती बायका ते शेवटपर्यंत ऐकतात, कितव्या संदेशाला फोन ठेवतात आणि का, हा एका प्रबंधाला पुरून उरेल असा विषय आहे.

विपणन म्हणजे खपवाखपवी, सार्वजनिक आरोग्यात त्याचे काय काम, असे म्हणणारे अजून आहेत. त्यांनी १९६८ आठवावे. कुटुंबनियोजनासाठी सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तो दवाखान्यांच्या भरवशावर नव्हे. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांचे वितरणाचे जाळे वापरले आणि तीन नग १५ पैशांत खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचवले. सामाजिक विपणनाच्या जगभरच्या इतिहासात हे उदाहरण आजही दिले जाते. आणि अमरावतीच्या विद्यापीठाला तर दूर जायचीही गरज नाही. ज्या गाडगेबाबांचे नाव त्याला दिले आहे, ते गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत, आणि कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारत जास्त. समोरून काय उत्तर येते त्यावर पुढचा प्रश्न ठरे, आणि तोही लोकांच्या वऱ्हाडीत. समोरच्याला ओळखून बोलणे म्हणजे काय, हे ज्याला शिकायचे त्याने तिथून सुरुवात करावी.

मग अडते कुठे? १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे आहेत. वाणिज्य, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र त्याच्याकडे. वैद्यकीय महाविद्यालये मात्र १९९८ पासूनच्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, आणि शेतकऱ्याच्या बाजाराचा अभ्यास १९६९ पासून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. माणूस एकच, तोच कापूस विकतो, तोच भुकटी विकत घेतो आणि त्याचीच साखर वाढते. त्याच्यावरचे संशोधन तीन विद्यापीठांत, तीन समित्यांत, तीन कपाटांत. नियम म्हणावा तर आडवा येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आंतरविद्याशाखीय विषयासाठी विभागाबाहेरचाच नव्हे, विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घेण्याची मुभा आहे. मुभा कागदावर राहते, कारण विषय मांडायला उभ्या राहिलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हे नेमके कोणत्या शाखेत बसते?’ असा.

मुलगाही शहाणा असतो. तो शाखेत नीट बसणारा विषय निवडतो. व्यवस्थापनवाला पाचशे जणांकडून पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घेतो आणि ग्राहकांचा ऑनलाइन खरेदीकडे कल असल्याचे सिद्ध करतो, जे त्याच्या आईलाही ठाऊक होते. संगणकवाला परदेशातून उतरवून घेतलेल्या माहितीवर अचूकता दोन टक्क्यांनी वाढवतो. दोघेही वाईट नाहीत, दोघांनीही कष्ट केलेले असतात. फक्त मूर्तिजापूरच्या काकांपर्यंत दोघांतला एकही पोचत नाही.

काकांच्या फोनवरच्या जाहिरातीचा अभ्यास तर दोघांनी मिळूनच करावा लागेल. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आणि अवस्था आहेत, मधुमेह आणि कर्करोग त्यात आहेतच. हे बरे करण्याची हमी देणारी जाहिरात करणे गुन्हा आहे. पण तो कायदा झाला तेव्हा जाहिरात भिंतीवर, वर्तमानपत्रात किंवा एसटी स्टँडवर वाटल्या जाणाऱ्या पत्रकात असे. ती रुग्णाला दिसे तशी औषध निरीक्षकालाही दिसे. आताची जाहिरात रात्री साडेनऊला एकट्या काकांना दिसते. निरीक्षकाला मधुमेह नसेल, त्याने कधी पथ्याचे व्हिडिओ पाहिले नसतील, तर त्याच्या फोनवर ती उगवणारच नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या लॉरा एडल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक वाट काढली होती. २०२० मध्ये त्यांनी लोकांना आवाहन केले की एक छोटी प्रणाली संगणकावर बसवा आणि फेसबुक तुम्हाला ज्या जाहिराती दाखवते त्या आम्हाला द्या. हजारोंनी दिल्या. कोणती जाहिरात कोणाला दाखवली जाते हे बाहेरून पाहता येऊ लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकने या संशोधकांची खाती बंद केली, कारण गोपनीयतेचे दिले. ज्या अभ्यासाने कंपनी अस्वस्थ होते त्यात काहीतरी असते, एवढे समजायला पीएच.डी. लागत नाही. अकोला-अमरावतीत मधुमेहाच्या दोनशे रुग्णांनी संमतीने असे केले, आणि शेजारी मधुमेह नसलेल्या दोनशे जणांनी, तर दोन ढिगांतला फरक न्यायालयात ठेवण्याजोगा असू शकेल.

खर्ऱ्याचा विषय याच्या अगदी उलट आहे आणि म्हणून अधिक अवघड. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्ऱ्याला मात्र जाहिरात लागतच नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पानठेलेवाला समोर तयार करून देतो, उधारीवर देतो, चव लक्षात ठेवतो. कोणत्याही संगणकापेक्षा त्याला गिऱ्हाईक जास्त कळते. तोंड उघडेनासे झालेला पंचविशीतला मुलगा दंतविभागात येतो तेव्हा भिंतीवरच्या कर्करोगाच्या भयानक चित्राने काय साधले, असा प्रश्न पडतो. ती चित्रे त्याने रोजच पाहिलेली असतात. त्याला कोणाचा आवाज थांबवेल? बायकोचा, मित्राचा की तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्या गावातल्याच माणसाचा? हे अंदाजाने ठरवायचे काम नाही, मोजायचे आहे.

मोजताना एक अट मात्र ढिली करता येणार नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एका आठवड्यात ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या नोंदी मुद्दाम कमी-जास्त आनंदी केल्या आणि त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते पाहिले. त्यांतल्या कोणालाही विचारले नव्हते. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा गदारोळ झाला. वैद्यकीय महाविद्यालयात रक्ताचे पाच मिलिलिटर घ्यायचे तरी नीतिसमितीपुढे कागद ठेवावे लागतात. व्यवस्थापनाच्या किंवा संगणकाच्या प्रबंधात माणसाच्या आजाराची माहिती व्हॉट्सॲपवरच्या फॉर्मने गोळा होत असेल, तर तिथेही तीच समिती हवी. विद्यार्थी कुरकुर करतील, सहा महिने गेले म्हणतील. जाऊ द्यावेत.

आणि मेळघाट. धारणी-चिखलदऱ्याच्या ज्या आईला संदेशाची सर्वांत जास्त गरज, तिची भाषा कोरकू, फोन नवऱ्याच्या खिशात आणि नेटवर्क टेकडीवर. फोन उचलण्याच्या सवयीवरून शिकणारे गणित तिला ‘प्रतिसाद न देणारी’ म्हणून यादीतून हळूच बाजूला सारेल, आणि आकडे आणखी चांगले दिसू लागतील. असल्या विषयावर काम करणाऱ्याने प्रबंधातले एक प्रकरण तरी यादीतून गळालेल्यांवर लिहिले पाहिजे, आणि त्यासाठी संगणक बंद करून परतवाड्याहून वर जाणाऱ्या एसटीत बसले पाहिजे.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डबा रुग्णालयातच राहिला. निवासी डॉक्टरने त्यांच्या फोनवर ती जाहिरात शोधून काढली आणि आपल्या फोनने तिचा फोटो घेतला. तो कोणाकडे पाठवायचा हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने विभागातल्या दोघा-तिघांना विचारले. त्यांनाही नव्हते.