स्त्री-मुक्ती हा आयात माल नव्हे

स्त्री-मुक्ती हे मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या बायकांचे पाश्चात्त्य फॅड आहे, असा युक्तिवाद १९७५ साली सर्रास ऐकू येत असे. तो अद्याप संपलेला नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, पुरोगामी म्हणविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही तो असतो. त्याचे उत्तर शोधण्यास पॅरिस गाठण्याचे कारण नाही. चिखली तालुक्यातील उंद्रीहून बुलढाण्यापर्यंत गेले तरी पुरे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि दोष समस्त स्त्रीजातीच्या माथी मारला गेला; त्याला हा रोखठोक जबाब होता. टवाळी झाली तेव्हा जोतीराव फुले ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. सिमोन द बोव्हार यांचा ‘द सेकंड सेक्स’ निघाला १९४९ साली, म्हणजे ६७ वर्षांनी! मग आयात कोणी कोणाकडून केली?

विस्मरणात गेलेला हा ग्रंथ स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला. त्याच वर्षी पुण्यात संयुक्त स्त्री-मुक्ती संघर्ष परिषद भरली. तिची भूमीही कष्टकरी स्त्रियांनीच नांगरली होती. १९७२ च्या दुष्काळकाळात शहाद्याच्या आदिवासी शेतमजूर स्त्रिया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

दुसरा युक्तिवाद अधिक सोज्वळ: आधी वर्गलढा, बाईचा प्रश्न मागाहून. परंतु शेतावरील मजुरी कशी ठरते? निंदणी आणि कापूसवेचणी ही ‘बायकांची कामे’, म्हणून मजुरी कमी. १९७६ च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला सारखा दाम मागितला. पण पुरुष निंदणीला बसतच नाही, तर तुलना कोणाशी करावयाची? कामाची वाटणीच मालकाची ढाल होते. ही वाटणी जो प्रश्नांकित करीत नाही, तो वर्गलढा अर्ध्या मजुरांना वगळून लढला जातो.

उंद्रीसारख्या गावात शाखेची बैठक रात्री स्वयंपाकाच्या वेळी ठेवावयाची आणि ‘बायका येत नाहीत’ अशी तक्रार करावयाची, हा दांभिकपणा आता पुरे. बैठकीची वेळ बदला, निंदणीचा दर मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा आरंभ कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून करावा. ठराव त्यानंतर!