गोष्टीतलं कृष्णविवर आणि आपलं खोडद

शिक्षक बंधू-भगिनींनो, 'मी अंतराळवीर झालो तर' हा निबंध आपण दरवर्षी देतो आणि दरवर्षी गाईडमधलाच तपासतो. त्याऐवजी पोरांना सांगा, तुमचं यान संकटात सापडलंय, आता पुढं काय? मग बघा कशी वही भरते. बहुतेक यानं कृष्णविवरात ओढली जातात, उरलेली लघुग्रहांच्या गर्दीत आदळतात.

माझं मत असं, की तिथं 'हे खोटं' असा लाल शेरा मारू नये. कल्पना राहू द्यावी, मग पोरांसोबत तपासावी. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील (थंडीनं गारठेल, ते वेगळं!). जुन्नर-आंबेगावच्या पोरांना हे लगेच पटतं. बिबट्या विहिरीत पडतो तो काठावर गेल्यावर. विहीर काही त्याला उसाच्या फडातून ओढून आणत नाही. २००८ साली जिनिव्हाजवळच्या प्रयोगातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार, असं टीव्हीवर चाललं तेव्हा मोठी माणसंसुद्धा घाबरली होती. आणि लघुग्रहांचा पट्टा? पायोनियर १० हे यान तो ओलांडून डिसेंबर १९७३ मध्ये सुखरूप गुरूपाशी पोचलं.

म्हणून कल्पनेला हलकं समजू नका. खुद्द जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती.

खरं संकट मात्र बऱ्याचदा साधं असतं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश पकडत होत्या आपल्या खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या! उतरण्याआधीच संदेश तुटला. यानाच्या संगणकानं उंचीचा हिशोब चुकवला, उत्तर चक्क उणे आलं. जमीन आली असं समजून त्यानं पॅराशूट सोडून दिलं, तेव्हा ते सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. सहावीला पूर्णांक संख्या शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं. सहल नेणार असाल तर निबंधाच्या वह्या सोबत न्या. आपलं यान कुठं फसलं, ते पोरांना तिथल्या शास्त्रज्ञांनाच विचारू द्या.