चुकून आलेलं बक्षीस

गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर बँकेचा मेसेज आला : खात्यात पाच हजार रुपये जमा. दोन दिवसांनी रोह्याच्या घरी पत्रही आलं. आपण पंचवीस वर्षं आमच्या पेण शाखेचे ठेवीदार आहात, त्याबद्दल वर्धापनदिनानिमित्त ही छोटीशी भेट, असा त्यात मजकूर होता. माझं खातं रोह्याच्या शाखेत, तेही सात वर्षांपूर्वी उघडलेलं. पेणमध्ये माझी एक रुपयाची ठेव नाही. आमच्या कोकणात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार जण सहज सापडतात. त्यातल्याच कुणाचं तरी बक्षीस माझ्या खात्यात आलं होतं, हे पत्र वाचताक्षणी कळलं.

कळलं, तरी आठ दिवस मी बँकेत गेलो नाही. मुलीच्या क्लासची फी भरायची होती, तीन हजार त्यातूनच भरले. मनाची समजूतही काढली. बचत खात्यावरचं व्याज मी दरवर्षी वेगळं काढतो आणि सवाबाची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकतो. पण हे व्याज कुठे होतं? हे तर बक्षीस, बँकेनं आपल्या हातानं दिलेलं! शब्द बदलला की माणसाची किती सोय होते.

शेजाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "परत कशाला करतोस? पेणच्या लोकांचे बुडाले, तेव्हा कोण आलं होतं परत करायला?"

त्याचा राग खोटा नव्हता. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखाती दाखवून शेकडो कोटींचा घोटाळा झाल्याचं बाहेर आलं. २०१४ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. तेव्हा ठेवीवरचं विम्याचं संरक्षण फक्त एक लाखाचं होतं, ते पाच लाख झालं २०२० मध्ये. मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा मागत लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. बँकेची चूक आपल्या फायद्याची असेल तर ती एका दिवसात दुरुस्त होते, आपल्या तोट्याची असेल तर आपण चपला झिजवायच्या, हा अनुभव कुणाला नाही?

पण रात्री पत्र पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर थांबलो. पेणमध्ये पंचवीस वर्षं ठेव असलेला माणूस. म्हणजे २०१० डोळ्यांनी पाहिलेला माणूस. आजूबाजूला एवढं सगळं बुडत असताना ज्यानं बँकेवरचा विश्वास सोडला नाही, त्याचे पाच हजार मी बँकेवरच्या रागापोटी ठेवून घेणार होतो!

‘बँकेचा पैसा’ म्हणून वेगळा पैसा नसतोच. तो कुणाचा तरी असतो. काही वर्षांपूर्वी पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात पंधरा लाख आले. सरकारनं कबूल केलेले पैसे आले असं समजून त्यानं नऊ लाख काढून घर बांधलं. नंतर कळलं की ती रक्कम एका ग्रामपंचायतीची होती. त्या भाबड्या माणसावर मी हसणार नाही. त्याला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं.

कायदाही हाच फरक करतो. चुकून आलेला पैसा परत केला पाहिजे, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे. चुकून जमा होणं हा गुन्हा नाही. पण आपला नाही हे कळूनही बेइमानीनं तो वापरला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. आपल्याकडे यासाठी कलमाची गरज पडू नये. अमानत ज्याची त्याला पोचवायची, हे आपण लहानपणी मदरशातच शिकतो. समोरचा प्रामाणिक असेल तरच, अशी अट तिथे कुणी शिकवलेली मला आठवत नाही.

तीन हजार उसने घेऊन खात्यात भरले आणि बँकेत लेखी अर्ज दिला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. वाचकांनीही असंच करावं. हल्ली ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा’ असे फोन ठगही करतात. फोनवरच्या माणसाला पैसे पाठवू नका, बँकेतूनच परत करा.

पुढे नागोठणे, वडखळ करत एसटीनं पेणला गेलो आणि माझ्या त्या नामबंधूलाही भेटलो. आठ दिवसांबद्दल माफी मागितली. चाचांनी चहा पाजला, हसून म्हणाले, "बेटा, बक्षीस राहू दे. माझी ठेव मुदतीला हातात पडली, तरी खूप झालं."

रोह्याला परतताना वाटलं, ठेवीदाराला आपलाच पैसा वेळेवर मिळणं हे बक्षीस वाटावं, यापेक्षा आपल्या बँकांबद्दल आणखी काय सांगायचं? हे बदला म्हणून बँकांना ठणकावून सांगायलाच हवं. पण त्यासाठी आधी आपला हात कोरा हवा.