कर्डे, सुपे आणि लंडनचं देणं

वसाहतींच्या कर्जाचा विषय निघाला की दोन आवाज हटकून उठतात. एक म्हणतो, दीडशे वर्षांपूर्वीची मढी उकरून काय मिळणार? दुसरा म्हणतो, इंग्रजांनी ४५ ट्रिलियन डॉलर नेले, ते आधी वसूल करा. दोघांचंही समाधान लवकर होतं, हीच अडचण आहे. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी जाऊन पाहिलं, तर दोन्ही उत्तरं तोकडी पडतात.

डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं कर्ड्याच्या बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या बाकीपोटी घर खाली करण्याचा हुकूमनामा मिळवला. गावानं सावकाराला वाळीत टाकलं. न्हावी, परीट, सुतार, लोहार, कुणीच त्याच्या कामाला जाईना. बहिष्काराचं हे लोण पुणे-नगरच्या गावोगाव गेलं आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, भर बाजारच्या दिवशी, सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं पेटली. लोकांचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कागदांवर होता. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यानं आपला वैरी इतका अचूक ओळखावा, याचं मला अजून नवल वाटतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘हे सावकाराचं पाप. शिवाय शेतकऱ्यानंही लग्नकार्यात पैसा उधळला.’ सरकारनं नेमलेल्या दंगा आयोगाचा सूरही साधारण असाच होता. सरकारी साऱ्याला त्यानं दोषातून मोकळं ठेवलं. पण आयोगातलेच एक सदस्य, ऑकलंड कॉल्व्हिन, यांनी वेगळं टिपण जोडून सांगितलं की साऱ्याची वाढ आणि वसुलीचा ताठरपणा या दोन्हींचा या दैन्यात वाटा आहे. म्हणजे फिर्यादीचा साक्षीदार आरोपीच्याच घरात होता.

तो ताठरपणा असा. सारा रोख भरायचा आणि ठरल्या तारखेला भरायचा, मग पाऊस पडो न पडो. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारानं सढळ हातानं पैसा दिला. यादवी संपली, भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची मुदत संपत होती. १८६७ मध्ये इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली आणि अनेक गावांत सारा दीडपट, कुठे दुप्पट झाला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखताचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं होतं. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवं खत होऊ लागलं आणि खाली अंगठा जुनाच. सावकार लोभी होता, हे मान्य. पण त्याच्या लोभाला दिवाणी कोर्ट, बेलिफ आणि स्टॅम्पाचा कागद कुणी पुरवला?

आणि सारा एवढा कशाला लागत होता? ब्रिटिश संसदेनं ऑगस्ट १८३३ मध्ये दोन कायदे केले. एकानं गुलामगिरी रद्द केली आणि दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. दुसऱ्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना हिंदुस्थानच्या महसुलातून दरसाल साडेदहा टक्के लाभांश बांधून दिला. १८७४ मध्ये दर्शनी किमतीच्या दुप्पट भावानं त्यांचं देणं फेडून कंपनी मोडीत निघाली, तोही भार इथल्याच तिजोरीवर. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च आपल्या नावे. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये झालेल्या मेजवानीचं बिलसुद्धा आपल्याच नावे. इंदापूरची आकारणी आणि ती मेजवानी एकाच सालातली. एकीचा पैसा दुसरीत गेला, असं दाखवता येणार नाही. पण तिजोरी एकच होती आणि तिचा मोठा आधार शेतसारा हाच होता.

हैतीचं उदाहरण इथं देतात. फ्रान्सनं १८२५ मध्ये पंधरा कोटी फ्रँकची मागणी लादली, पुढं ती नऊ कोटींवर आली. त्यासाठी काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. स्वतंत्र झालेल्या गुलामांनी मालकांना भरपाई द्यायची, इतका उघडा निर्लज्जपणा आपल्याकडे झाला नाही. आपल्याकडे तेच काम जमाखर्चाच्या सभ्य भाषेत झालं.

‘पण रेल्वे मिळाली ना?’ हा आक्षेप रेल्वे जंक्शनच्या दौंडकरांच्या तोंडी तर फारच शोभतो. मिळाली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भांडवलाला पाच टक्क्यांची हमी होती. गाडीनं कमावलं नाही तरी तूट महसुलातून भरायची. जोखीम भीमथडीची, नफा लंडनचा.

यापेक्षा वजनदार आक्षेप अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांच्या २००५ च्या अभ्यासातून निघतो. जमीनदारीच्या जिल्ह्यांपेक्षा रयतवारीसारख्या पद्धतीचे जिल्हे स्वातंत्र्यानंतर शेतीत पुढे राहिले, असं त्यांनी दाखवलं. मग रयतवारीतलं शिरूर नशीबवानच म्हणायचं? दोन वसाहती व्यवस्थांपैकी कमी वाईट वाट्याला आली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. उलट, जमाबंदीची पद्धत शंभर वर्षांनीही पिकात दिसते, हे त्या अभ्यासानं मान्य केल्यावर ‘जुनी मढी’वाल्यांचा मुद्दाच खलास होतो.

आणखी एक आक्षेप: स्वातंत्र्याच्या वेळी तर ब्रिटनच आपलं देणं लागत होतं, शंभर कोटी पौंडांहून अधिक. खरं आहे. महायुद्धात उधारीवर माल आणि माणसं नेली, त्याची ती बाकी. सरकारची वही फिरली म्हणून कर्ड्याच्या शेतकऱ्याची फिरली नाही.

आता आपल्याच पंगतीतल्यांना. अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनाईक यांचा ४५ ट्रिलियनचा आकडा १७६५ पासूनच्या रकमांवर पाच टक्के चक्रवाढ लावून येतो. लुटीचा त्यांचा मूळ मुद्दा बिनतोड आहे, पण चक्रवाढीनं फुगवलेली बाकी समोर धरणं ही काळूरामाच्या वहीची रीत झाली. शिवाय ती रक्कम उद्या आली, तरी दिल्लीच्या पुढं सरकेल याची हमी कोण घेतो?

माझं म्हणणं असं की इथं मागं उरलं ते देणं कमी आणि देण्याची रीत जास्त. ती मोडण्याचा प्रयत्न १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं केला. खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. सावकारांनी वाट काढली: गहाणखताऐवजी खरेदीखत, परतीचा शब्द तोंडी. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याला जिल्हा उपनिबंधकांकडे नेमकी हीच खरेदीखतं उघडून पाहण्याचं काम सोपवावं लागलं. एकशे पस्तीस वर्षांनी तोच कागद, फक्त वर सातबारा जोडलेला.

तारखेचंही तसंच. सारा आज नाममात्र उरला, त्याच्या जागी पीककर्जाचा हप्ता आला. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली की कर्जाचं पुनर्गठन होतं. म्हणजे देणं पुढं ढकललं जातं, व्याज चालूच. पैसेवारी गावागावाची काढतोच, तर हप्त्याची रक्कमही त्या वर्षी तिच्याशीच बांधा आणि उरलेल्या भागावरचं व्याज राज्यानं सोसावं. कॉल्व्हिन यांनी ज्या ताठरपणाकडे बोट दाखवलं, तो सोडायला लंडनची परवानगी आता लागत नाही.