खटला सोफ्याचा, बाजू नखांची

नवा सोफा घरात आला की महिन्याभरात त्याच्या हाताला धागे लोंबू लागतात आणि घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाचं ठाम मत असतं की मांजर हे मुद्दाम करतं, लाडावून ठेवल्याचे हे परिणाम. त्यांचे उपाय म्हणजे पाण्याचा फवारा, पाठीत धपाटा, आणि अगदीच डोक्यावरून पाणी गेलं की ‘एकदाची नखंच काढून टाका ना त्याची!’ दुसरा पक्ष हात झटकून मोकळा होतो. मांजरच ते, बोचकारणारच. टाका सोफ्यावर जुनी चादर आणि विसरा. दोघं कितीही भांडले तरी एका बाबतीत त्यांचं एकमत असतं: मांजराला वळण लावता येत नाही. खरी चूक तिथेच आहे. बोचकारणं बंद पाडता येत नाही हे मान्य, पण त्याची जागा बदलता येते, आणि सोफा वाचवायला तेवढं पुरतं.

आधी ‘मुद्दाम करतं’ या आरोपाचा समाचार घेऊ. मांजराचं नख थराथरांनी वाढतं. वरचा थर जुना झाला की तो सुटावा लागतो. मग खालचं टोकदार नख मोकळं होतं. सोफ्याखाली झाडू फिरवताना चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफलं सापडतात, ती हीच. दुसरं कारण शरीराचं. झोपेतून उठलं की मांजर पुढचे पंजे उंचावर रोवून खांद्यापासून पाठीपर्यंत सगळं अंग ताणून घेतं. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि माणसाच्या नाकाला ते कळत नाही. पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. बोचकारताना तिथे मांजराचा वास उतरतो आणि वर ओरखड्याची दिसणारी खूणही राहते. ‘इथे मी राहतो’ हे सांगायला अडगळीचा कोपरा काय कामाचा? खूण करायची ती चारचौघांत: दाराच्या चौकटीवर, झोपायच्या जागेजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर. बैठकीच्या खोलीतल्या सोफ्याचा कोपरा या सगळ्या अटी पुऱ्या करतो. त्यात सूड नाही, खोडीही नाही. काही आठवड्यांचं पिल्लूसुद्धा कोणी न शिकवता हे करू लागतं.

आता शिक्षेचं पाहू. फवारा मारला की मांजर पळतं आणि मालकाला वाटतं, जिंकलो. मांजर मात्र त्यातून एवढंच शिकतं, की हा माणूस समोर असताना सोफ्याकडे जायचं नाही. माणूस कामाला गेला की सोफा मोकळाच असतो. शिवाय घाबरलेलं, अस्वस्थ झालेलं मांजर आपल्या हद्दीच्या खुणा वाढवतं. घरात नवं मांजर आलं, बिऱ्हाड हललं, घराचं काम निघालं की बोचकारणं एकाएकी वाढतं ते याचमुळे. म्हणजे जो उपाय भीती वाढवतो, तो रोगाला खतपाणी घालतो.

राहिला सगळ्यात जालीम उपाय, नखं काढण्याचा. त्याचा जन्म कसा झाला ते समजून घेण्यासारखं आहे. मांजरानं चोवीस तास चार भिंतींत राहणं ही फार जुनी रीत नाही. आपल्याकडच्या वाड्यातलं किंवा कोकणातल्या घरातलं मांजर जेवायला आत येई आणि नखं घासायला पडवीचा खांब, सरपणाची रास, फणसाचं खोड वापरत असे. अमेरिकेतही बहुतेक मांजरं अशीच आतबाहेर करत. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो यांनी शोषून घेणारी दाणेदार माती मांजराच्या शौचपेटीसाठी विकायला सुरुवात केली आणि मांजर पूर्णपणे घरात ठेवणं सोयीचं झालं. खोड बाहेरच राहिलं, सोफा समोर आला, आणि पुढच्या दशकात नखं काढण्याची शस्त्रक्रिया तिथे रुळू लागली. माणसानं मांजराला त्याच्या खोडापासून तोडलं आणि त्याचा दंड मांजराच्या पंजाला भरायला लावला.

या शस्त्रक्रियेचं समर्थन करणारे ‘नखं काढणं’ असं म्हणतात तेव्हा कात्रीनं नखं कापण्याचंच चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, त्यामुळे ते कायमचं घालवायचं तर ते हाडच कापून काढावं लागतं. माणसाच्या हाताचं प्रत्येक बोट शेवटच्या पेरापाशी तोडावं, तसा हा प्रकार. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा बोटं. मांजर चालतं तेही बोटांवर, म्हणून तोल आणि भार यांचं सगळं गणित बदलतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७४ मांजरं तपासली गेली. निम्म्यांची नखं काढलेली होती, निम्म्यांची शाबूत होती. नखं काढलेल्यांत पाठदुखी, चावणं आणि शौचपेटीबाहेर घाण करणं, तिन्हींचं प्रमाण जास्त आढळलं. त्यांच्यापैकी ६३ टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत कापलेल्या हाडाचे तुकडे बोटांत राहून गेलेले दिसले. दुखऱ्या पंजाला शौचपेटीतले खडे टोचत असतील, तर मांजर मऊ गादी शोधणारच. सोफा वाचवायला गेलं आणि गादी गमावून बसलं, असा हा व्यवहार. आणखी गंमत म्हणजे नखं गेल्यावरही मांजर बोचकारण्याची हालचाल करतच राहतं. ज्या सवयीसाठी दहा हाडं कापली, ती सवय तिथेच.

या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद मात्र दयेचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. न्यूयॉर्क राज्यात बंदीचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं विरोध केला. हा पर्याय बंद केला तर वैतागलेले मालक मांजरं सोडून देतील, त्यांना मारावं लागेल. त्यापेक्षा नखं गेलेली परवडली, असं त्यांचं म्हणणं होतं. २२ जुलै २०१९ रोजी बंदी लागू झाली आणि न्यूयॉर्क असं करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. भाकीत खरं ठरतं का, याचं उत्तर शेजारच्या कॅनडात मिळतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मे २०१८ पासून बंदी आहे. तिथल्या प्राणी आश्रयगृहांच्या नोंदी बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या काळासाठी तपासल्या गेल्या, तेव्हा सोडून दिल्या जाणाऱ्या मांजरांची लाट आल्याचं दिसलं नाही. घरातल्या वस्तूंची नासधूस हे मांजर सोडण्याचं कारण मुळातच फार थोड्या मालकांनी दिलेलं होतं. ब्रिटनमध्ये तर २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानं अशी अंगच्छेदनं निषिद्धच केली आहेत. तिथे लाखो घरांत नखांसकट मांजरं नांदतात आणि सोफ्यांची दुकानंही चालतात.

घरात आजारी, प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस आहे, ओरखड्यातून संसर्ग होईल, ही काळजी रास्त आहे. पण अशा रुग्णांसाठीच्या अमेरिकी आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांतही नखं काढण्याची शिफारस नाही. ओरखडा किंवा चावा बसेल असा खेळ टाळा, एवढंच त्या सांगतात. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याच्या अंगच्छेदनाला क्रूरतेत धरतो. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं हे अपवाद त्यात नावानिशी दिले आहेत. सोफ्यासाठी मांजराची बोटं कापणं त्यांत बसत नाही.

खंडन पुरे. करायचं काय?

मांजराला काय आवडतं हे मालकांनी ठरवण्यापेक्षा मांजरालाच विचारावं. तसं विचारणारी एक मोठी पाहणी इंटरनेटवरून झाली. तिच्यात चार हजारांहून अधिक मांजरमालकांनी उत्तरं दिली. मालक बहुतेकदा गालिचा चिकटवलेला खांब आणतात, पण दोरी गुंडाळलेला खांब मिळाला तर मांजरं तोच जास्त वापरतात, असं दिसलं. खांब सरळ उभा आणि निदान तीन फूट उंच हवा, म्हणजे पूर्ण अंग ताणता येतं. तळ रुंद हवा, नाहीतर एकदा खांब डगमगला की मांजर पुन्हा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. आणि खांब वापरल्यावर ज्या मांजरांना बक्षीस मिळालं, त्यांनी तो अधिक वापरला. वळण लागत नाही म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

परदेशी खांबांवरची ती ‘सिसल’ दोरी म्हणजे आपल्या शेतांच्या बांधावर काटेरी कुंपण होऊन उभ्या असलेल्या घायपाताचा वाख. ती न मिळाल्यास नारळाच्या काथ्याची किंवा जाड सुतळीची दोरी चालते. सुताराकडून जड पाटावर लाकडी खांब ठोकून घ्यावा, दोरी ओढून घट्ट गुंडाळावी, काम झालं. काही मांजरांना उभ्यापेक्षा आडवं आवडतं. त्यांना गोणपाट किंवा नालीदार पुठ्ठा जमिनीवर द्यावा.

बहुतेक घरांत हा प्रयोग फसतो तो जागेमुळे. खांब दिसायला बरा नाही म्हणून त्याची रवानगी बाल्कनीत होते आणि मांजर पुन्हा सोफ्यावर येतं. खांब ठेवायचा तो सोफ्याच्या फाटलेल्या हाताला अगदी खेटून. त्याच वेळी सोफ्याच्या त्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची. पंजाला चिकट लागणं मांजराला मुळीच खपत नाही. मांजरानं खांबाला नखं लावली की त्याच क्षणी सुकटीचा तुकडा द्यावा, उशिरा दिलेलं बक्षीस वाया जातं. पंजे धरून जबरदस्तीनं खांबावर घासू नयेत, त्यानं खांबाचीच धास्ती बसते. पावसाळ्यात उगवणाऱ्या खोकली या तणाच्या मुळांवर बरीच मांजरं लुब्ध होतात. तिचं मूळ खांबाला चोळूनही ओढ लावता येते. सवय पक्की झाली की खांब रोज थोडाथोडा सरकवत सोयीच्या जागी न्यावा.

जोडीला दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापावीत. आत गुलाबी दिसतो तो जिवंत भाग. त्याच्या अलीकडचं पांढरं टोकच तेवढं काढायचं. अंगठ्याचं नख विसरू नये. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, आणि म्हाताऱ्या मांजरांत वळून गादीत रुतू शकतं. नखांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही मिळतात. चार ते सहा आठवड्यांत त्या गळतात, म्हणून ती तात्पुरती सोय समजावी.

एवढं करूनही एखादा ओरखडा उठेल. सैल विणीचं, धागे वर दिसणारं कापड नखाला आमंत्रणच देतं; घट्ट विणीचं, मखमलीसारखं कापड पुष्कळ टिकतं. मांजर पाळणाऱ्यानं सोफा घेताना हे पाहावं. आणि प्राण्यांच्या दुकानदारांनी दीड फुटी, मऊ कापड लावलेले, धक्का लागताच कलंडणारे खांब खपवणं थांबवावं. गिऱ्हाईक असला खांब घरी नेतं, मांजर त्याला हुंगून सोफ्याकडे जातं, आणि दोष मांजराच्या माथी येतो. पशुवैद्यांनी पिल्लाच्या पहिल्या लसीच्या वेळीच मालकाच्या हातात नखं कापायची कात्री देऊन एक नख त्याच्याकडूनच कापून घ्यावं आणि त्याच भेटीत खांबाची उंची आणि जागाही सांगावी.